शीतल खेळायची आणि आई बघायची

शीतल आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी, अर्धं पोतं शेंगदाणे आणि येसराचा डबा होता. डबा आईने दारातच तिच्या हातातून घेतला, झाकण काढून नाकाशी धरला आणि तशीच उभी राहिली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, उकळत्या पाण्यात सोडलं की त्याची आमटी होते. आई ते घरीही करायची, पण माहेरचं येसर आलं की त्या दिवशी स्वयंपाकघरात दुसरं काही शिजायचं नाही. शीतल माझ्या मामाची मुलगी. पिशोरहून शहरात नर्सिंग शिकायला आली होती आणि हॉस्टेलमध्ये जागा मिळेपर्यंत आमच्याकडे राहणार होती. मला वाटलं, महिनाभर राहील. ती पावसाळा संपताना आली आणि उन्हाळा लागेपर्यंत राहिली.

आम्ही छावणीच्या बाजारात राहायचो. खाली नसीमखालांचं, म्हणजे नसीममावशींचं, आणि त्यांच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. सकाळी पलीकडच्या मैदानातून बिगुल ऐकू यायचा आणि दिवसभर खालून शिलाई मशीन चालायचं, इतकं सारखं की ते बंद पडलं तरच आमचं लक्ष जायचं. वडील कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते, पहाटे जायचे आणि आल्यावर झोपायचे. घर आईचं होतं. आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्याला सासरचे हसायचे. तिने ते बोलणं सोडून दिलं, आणि आम्हा मुलांच्या तोंडी ‘लई’ आलं तरी ती ‘खूप म्हण’ असं सांगायची. शीतल आली आणि आठवड्याभरात आईचं बोलणं पुन्हा जुन्या वळणावर गेलं. दोघी भाकरी थापताना हितं-तितं करत बोलायच्या आणि मध्येच हसू अनावर होऊन थांबायच्या. मी दारात उभी राहिले की आई माझ्याशी बोलायला पुन्हा शहरातली भाषा काढायची. तिला ते कळतही नसेल. मला मात्र दर वेळी कळायचं.

माझं त्या घरातलं स्वतःचं असं काही होतं तर ते दादाचा कॉम्प्युटर. दादा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा तो मागे राहिला, आणि कॉलेजातून आलं की मी त्याच्यासमोर बसायचे. मी गेम फार चांगली खेळायचे, हे आज या वयातही मी लाजून सांगणार नाही. दादाला जे जमायचं नाही ते मला एका दुपारी जमायचं. खेळाचे व्हिडिओ करून मी इंटरनेटवर टाकायचे. खिडकी लावून घ्यायची, म्हणजे खालचं मशीन ऐकू येणार नाही. एखादा भाग खेळताना कुठे चूक झाली की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. वीस-वीसदा खेळल्यावर एक निर्दोष भाग हाती यायचा, तो मी नेट कॅफेत नेऊन चढवायचे, कारण घरच्या नेटवर ते दिवसभर लटकून राहायचं. मी बोलायचे नाही. बोलण्यासारखं काय होतं? सगळं तर पडद्यावर दिसत होतं. बघायला लोक यायचे ते कुठेतरी अडकलेले असायचे. वाटेत थांबून पत्ता विचारावा तसे यायचे, दोन मिनिटांत रस्ता समजला की निघून जायचे.

आई कधी येऊन बसली नाही. केर काढताना माझ्या मागून जायची, पाय वर घे म्हणायची.

शीतलचा पाय जिन्यात मुरगळला आणि ती चार-पाच दिवस घरी अडकली. आई मला म्हणाली की तिला जरा तुझं ते दाखव, कंटाळून गेलीय. मी तिला एक संथ गेम लावून दिला. त्यात एका डोंगरी मुलखातली मुलगी आहे. तिला बियाण्याची पोती खेचरावर लादून, बर्फ पडायच्या आत, डोंगरापलीकडच्या गावात न्यायची असतात. मारामारी नाही, शत्रू नाही, फक्त वाट आणि ते खेचर. मी तो दोनदा पूर्ण केला होता, दुसऱ्या वेळी एकही पोतं खाली न पाडता. शीतलने आयुष्यात माऊसला हात लावला नव्हता. तिच्या कानाला मी माईकवाला हेडफोन लावला, आवाज नीट येईल म्हणून सांगितलं, आणि तिला न सांगता रेकॉर्डिंग चालू केलं. मैत्रिणींना दाखवून हसायचं, एवढंच माझ्या मनात होतं. हे लिहायला मला किती वर्षं लागली ते माझं मला माहीत.

ती पहिल्याच वळणावर खेचरासकट ओढ्यात पडली. मी हसायला तयार होते. पण ती पडद्याकडे वाकून खेचराला म्हणाली, “लागलं का रं?” आणि ते उठेपर्यंत थांबून राहिली. मामाकडे मेंढरं होती, शाळेला सुट्टी असली की शीतल त्यांच्यामागे हिंडायची, जनावराशी बोलल्याशिवाय तिला चालताच येत नसे. तिने त्याचं नाव सोन्या ठेवलं. पोती बांधायचा भाग आला तेव्हा मी तिला कळ दाखवली, ती दाबली की दोर आपोआप आवळला जातो. तिने ती दाबली आणि मग तक्रार केली की या बाईने पोटाला किती आवळलंय, बसल्या जागी याचा जीव जाईल. दोर सैल करण्याची सोय त्या गेममध्ये आहे, हे मला दोनदा खेळूनही माहीत नव्हतं. तिने ती शोधून काढली, आणि सोन्या जरा सावकाश, मान हलवत चालायला लागला.

गेममधलं सगळं बोलणं इंग्रजीत, खाली अक्षरं यायची. शीतलला ती भरभर वाचता यायची नाहीत. म्हणून तिने स्वतःच बोलायला सुरुवात केली. वाटेत एक दाढीवाला म्हातारा भेटतो, तो खरं तर हवामानाबद्दल सांगतो. शीतलच्या तोंडून तो आपल्या सुनेबद्दल गाऱ्हाणं करू लागला. आई धपाट्यांचं पीठ मळत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली, म्हणाली, कोणाची सून गं? आणि उभीच राहिली. मग खाली बसली. धपाट्यांना त्या दिवशी उशीर झाला. शीतलचं तिकडे लक्ष नव्हतं. ती एका घराच्या अंगणात शिरली होती आणि तिथल्या चुलीवर काय शिजतंय ते बघत होती. त्या घरात जायची काही गरज नव्हती. मी त्या घरासमोरून दोनदा पळत गेले होते.

तो व्हिडिओ मी मैत्रिणींना दाखवला नाही, नेटवर टाकला. नावही कुजकंच दिलं होतं, गावाकडची मुलगी पहिल्यांदा गेम खेळते, असलं काहीतरी. चार दिवसांनी कॅफेत जाऊन बघितलं तर माझ्या सगळ्या व्हिडिओंना मिळून आले नव्हते तेवढे लोक तिथे येऊन गेले होते. कोणी हसलं नव्हतं, म्हणजे हसले होते, पण मला हवं होतं तसं नाही. मस्कतला कामाला असलेल्या एका माणसाने लिहिलं होतं की मागून खिडकीतून मशीनचा आवाज येतो आणि मावशी मध्येच काहीतरी विचारतात, जेवताना मी हे लावून ठेवतो, पुढचा भाग लवकर टाका. बऱ्याच जणांनी सोन्याची चौकशी केली होती. मी शीतलला सांगितलं तेव्हा तिला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग तिने विचारलं की त्या मस्कतच्या माणसाला आपण उत्तर कसं पाठवायचं.

मग दर रविवारी दुपारी ते होऊ लागलं. जेवणं झाली की आई लसूण सोलायला घेऊन बसायची. नसीमखाला दुकान नवऱ्यावर सोपवून वर यायच्या, येताना कधी वाटीभर मटणाचा खलिया, कधी जिलबीसारख्या गरम इमरत्या. पडद्यावरच्या मुलीचं फाटकं जाकीट बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा, कोणी तरी टाका घालून द्या म्हणायच्या. शीतल वाट चुकायची, पुन्हा पुन्हा तिथेच पडायची, आई तिला डावीकडून जा म्हणून सांगायची आणि ते हमखास चुकीचं निघायचं. मी बाजूला स्टुलावर बसून रेकॉर्डिंगचा लाल ठिपका सांभाळायचे. मला प्रत्येक वाट माहीत होती. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण त्या खोलीत कोणाला उत्तर नको होतं.

आज माझा मुलगा तासन्‌तास दुसऱ्यांना खेळताना बघतो. माझा नवरा वैतागतो, स्वतः खेळ म्हणतो, दुसऱ्याचं काय बघत बसतोस. पण मला ते तेव्हाच, त्या स्टुलावर बसून कळलं होतं, आणि कळूनही त्याचा मला उपयोग नव्हता. चांगलं खेळणारा माणूस बघायचा तर दोन मिनिटं पुरतात. ज्याला पुढचं ठाऊक नाही आणि जो ते लपवत नाही, त्याच्याजवळ मात्र आपण बसून राहतो. त्याचं दचकणं आपलं होतं. शीतल एखादं दार उघडायची तेव्हा आईचे लसूण सोलणारे हात थांबायचे. माझ्या खेळण्याने कोणाचे हात कधी थांबले नव्हते.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एका दुपारी घरी कोणी नसताना खिडकी उघडी ठेवून मी नवाच गेम लावला आणि बोलायला लागले. अरे बापरे, आता काय होणार, असलं काही. माझाच आवाज हेडफोनमध्ये मला रेडिओवरच्या जाहिरातीसारखा वाटत होता. आई बाजारातून परत आली, पिशवी टेकवली आणि तिने विचारलं, कोणाशी बोलतेस? मी म्हटलं, कोणाशी नाही. ते रेकॉर्डिंग मी पुसलं, आणि त्या संध्याकाळी शीतलने वाढलेली आमटी खारट झालीय म्हणून ताट सरकवलं. आमटी खारट नव्हती. आईने ती चाखली आणि माझ्याकडे बघितलं.

शेवटचा भाग राहिला होता. आईने दळण शनिवारीच आणून ठेवलं, रविवारी उठायला नको म्हणून. खाला त्यांच्या बहिणीकडे जाणार होत्या, त्यांनी ते पुढे ढकललं. शनिवारी दुपारी मी आणि शीतल गच्चीवर गोधड्या वाळत घालत होतो. ती सोन्याबद्दलच बोलत होती. पलीकडच्या गावात पोचल्यावर त्याला मोकळं सोडायचं, असं तिने ठरवलं होतं. इतकं चाललंय बिचारं, तिथं गवत बी असंल. आईसुद्धा म्हणे तिला तेच सांगत होती. दोघींनी मिळून त्या खेचराचं म्हातारपण ठरवून टाकलं होतं.

गोधडीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं तिच्या. मी म्हणाले, “तो पलीकडे जातच नाही. शेवटी दोरांचा पूल आहे, पुलाला त्याचं वजन झेपत नाही. पोती आपल्या पाठीवर घ्यायची आणि त्याला अलीकडेच सोडून जायचं. आपण वळून बघतो तर तो तिथेच उभा असतो.” आणि वर हेही म्हणाले की तुला आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर उगाच सगळ्यांसमोर रडशील.

गोधडी तिने दोरीवर टाकली, कडा सारख्या केल्या. मला वाटलं रडेल, भांडेल, खाली जाऊन आईला सांगेल. आईने मला रागवावं आणि एकदाचं काहीतरी उघड्यावर व्हावं, असंही मला वाटत असावं. शीतल माझ्याजवळून जिन्याकडे गेली, तिथे थांबली आणि म्हणाली, “आत्याला नको सांगू.”

एवढंच. मी तिचा रविवार हिरावून घेतला होता आणि ती आईचा वाचवत होती. तेव्हासुद्धा, खरं सांगते, मला शरम वाटायच्या आधी पुन्हा मत्सरच वाटला. हेही तिलाच सुचावं?

रविवारी ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. सोन्याला हाका मारल्या, खालांना हसवलं, वाटेतल्या एका बाईच्या तोंडी लग्नाची बोलणी घातली. बर्फ पडायला लागला तेव्हा आईने लसणाचं ताट बाजूला ठेवलं. पूल दिसला. पडद्यावर अजून काही लिहून आलं नव्हतं, मुलगी अजून काही बोलली नव्हती, पूल नुसता वाऱ्यावर हलत होता. आणि शीतलचा हात आधीच पोती उतरवायच्या कळीवर गेला. एक पोतं खाली आलं, मग दुसरं. मग अक्षरं आली, पूल दोघांचा भार सोसणार नाही.

शीतलने ओठ घट्ट मिटले होते. खालांनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि हलकेच म्हणाल्या, “बेचारा, कैसा देख रहा है।” मुलगी पुलावरून पलीकडे गेली. सोन्या अलीकडे उभा होता. शीतलने त्याला एकही हाक मारली नाही.

“तुला ठाऊक व्हतं?” आईने विचारलं.

शीतलने माऊसवरचा हात काढून घेतला. मग आईने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. तो लाल ठिपका चालूच होता, मी तो बंद करायला वाकले आणि मला ते बटण सापडेना. आई उठली, लसणाचं ताट उचललं आणि आत गेली. ती त्या दिवशी मला काही बोलली नाही, नंतरही कधी नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

तो भाग मी आईचा प्रश्न कापून नेटवर टाकला. तरी मस्कतच्या त्या माणसाने लिहिलं की आज ताई आधीच निरोप घेऊन आल्यासारख्या वाटल्या. पुढच्या महिन्यात शीतलला हॉस्टेलमध्ये जागा मिळाली. ती पेटी घेऊन गेली, दर पंधरा दिवसांनी आईला भेटायला यायची, माझ्याशी नीट बोलायची, पण कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. लोक विचारत राहिले, ताई कुठे आहेत, नवीन कधी. मी उत्तर द्यायचे, परीक्षा आहे. काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं.

खूप वर्षांनी मी सोयगावला तिच्या घरी गेले होते. तिथे ती सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, तिच्या टेबलापाशी गेलेली म्हातारी माणसं औषध मिळालं तरी उठत नाहीत, असं तिचा नवरा कौतुकाने सांगत होता. जेवण झाल्यावर आम्ही दोघीच ओसरीवर होतो. मी ती गोष्ट काढली आणि माफी मागितली. तिला आठवत नसेल अशी माझी एक वेडी आशा होती. ती म्हणाली, “शेवट कळला त्याचं मला लई नाय वाटलं गं, वैशू. तू सांगताना माझ्या तोंडाकडं बघत व्हतीस, कसं होतंय म्हणून. त्याचं वाटलं.” मग आत पोरगी रडायला लागली म्हणून ती उठून गेली. मी ओसरीवर बसून राहिले. ती खरं बोलत होती. गच्चीवर, गोधडीच्या पलीकडून, मी तिचा चेहरा अगदी नीट बघितला होता.

पण मला आठवणींच्या या प्रकरणात लिहायची होती ती गोष्ट त्याच वर्षीची आहे, शीतल हॉस्टेलला गेल्यानंतरची. एका रविवारी जेवणं झाली आणि घर फार शांत वाटत होतं. खालचं मशीनही बंद होतं. मी कॉम्प्युटरसमोर बसले होते, पण चालू केला नव्हता. आई लसूण घेऊन आली आणि माझ्यामागे भिंतीला टेकून बसली. मी पाय वर घेतले. ती म्हणाली, केर नाही काढायचा. जरा वेळाने म्हणाली की तुला येत नाही असं काहीतरी लाव.

मला येत नाही असं फारसं काही नव्हतं. शोधता शोधता दादाने टाकून ठेवलेला विमानाचा एक गेम सापडला, मी कधी उघडलाच नव्हता. रेकॉर्डिंग चालू केलं नाही. कोणती कळ कशासाठी ते वाचलंही नाही. विमान धावपट्टीवरून उडालं, तिरकं झालं आणि शेजारच्या ज्वारीसारख्या दिसणाऱ्या शेतात नाक खुपसून बसलं. मागे आई हसली. तोंडावर पदर घेऊन, लसणाच्या पाकळ्या मांडीवरून सांडत हसली. आणि मला पहिला विचार काय आला, तर शीतलसाठी ती याहून जास्त हसायची.

मी विमान पुन्हा उडवलं. आता मला वळण कळलं होतं, हात स्थिर होता, ते सरळ वर जात होतं. मी कळ सोडून दिली. विमान पुन्हा त्याच शेतात पडलं, आणि मी मागे वळून आईकडे बघितलं.

ती हसली नव्हती. एक पाकळी सोलून तिने ताटात टाकली.

“मुद्दाम नको पाडू,” ती म्हणाली. “नीट खेळ. मी बसलेय हितं.”